श्रीमंतांच्या बंदुकीस मुकी नळी बसविली त्याची हकिकत

श्री. ज्या देवीने वाचा दिली तीस नमन, आणि कोठे गप्प बसावे ही अक्कल ज्या देवाने दिली त्यास एक नमन अधिक. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसो नये. सांगितले तर तेथील लोक भांडावयास येतील.

त्या राज्याचे अधिपती श्रीमंत मोठे दिलदार, देवाधर्माचे, आणि नेमबाजीत त्यांसारखा दुसरा नाही ऐसा चहूकडे डंका. हुजूरपाशी वाऱ्याची बंदूक होती. तीत दारू नाही, ठिणगी नाही. दस्त्यात वारा कोंडावा आणि चाप ओढावा, की वारा सुटोन छर्रा जातो आणि आवाज मात्र ताशा फुटल्यागत होतो. दर पौर्णिमेस बागेत आंब्याच्या फांदीस गुलालाचे बोळके टांगीत, आणि श्रीमंत चौथऱ्यावरोन चाप ओढीत, आणि बोळके फुटोन गुलाल उधळे, आणि मग अवघा दरबार वाहवा करी. बार एक आणि आवाज दोन येत, म्हणोन भाटाने कवन केले की श्रीमंतांच्या बारास डोंगर जबाब देतो. डोंगर तेथून तीन कोस. परंतु पोटासाठी कोणी डोंगर जवळ आणिला तर आपले काय जाते?

खरी गोष्ट ऐसी की बोळके श्रीमंतांनी कधी फोडिलेच नव्हते. बाळपणी सलामीच्या तोफेस दचकोन ते पाळण्यातून पडले, तेव्हापासोन आवाजाची धास्ती बसली होती. चाप ओढावयाच्या आधीच डोळे मिटीत आणि खांदा मागे घेत, मग छर्रा कधी विहिरीत जाई, कधी पागेत, आणि एकदा तर दिवाणजींच्या पागोट्यात शिरला आणि दिवाणजी "प्रसाद मिळाला" म्हणोन हसले. बोळके फोडी तो रायाजी नावाचा चाकर. जगाच्या डोळ्यांस तो श्रीमंतांची बंदूक पुसोन ठेवणारा माणूस; परंतु पौर्णिमेस तो बागेलगतच्या अंबारखान्यात, धान्याच्या माळ्यावर, दुसरी बंदूक घेवोन दडोन बसे. झरोक्यातून त्यास बोळके दिसे, श्रीमंत दिसत नसत. श्रीमंतांचा बार ऐकिला की पापणी लवते न लवते तों हा चाप ओढी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ऐशी बारा वर्षे झाकली होती.

आणि बोळके फुटल्यावर श्रीमंत रायाजीस एकांती बोलावीत आणि पुसत, "आज आमचा छर्रा कोठे गेला?" रायाजी म्हणे, "सरकार, उकिरड्यात." मग श्रीमंत पोट धरोन हसत आणि म्हणत, "शाबास! आम्ही शिंकलो तरी लोक म्हणतात काय सूर लागला. अवघ्या राज्यात तू एक खरे बोलतोस, रायाजी. तूही गोड बोलू लागलास, तर आम्ही पाहावे कोणाकडे?" रायाजीस ना जहागीर होती ना पालखी. हे एक बोलणे होते, आणि त्यास तेवढे पुरे होते.

ऐसे चालले असता श्रीमंतांच्या मातोश्री आऊसाहेब यांस अर्धशिशी जडली. त्यांनी लेकास बोलावोन सांगितले, "अरे, बोळके फोडा नाहीतर माझे कपाळ फोडा, एक काय ते ठरवा. दोन्ही मला सोसत नाही." मातेची आज्ञा, तेव्हा काशीबा तांबट यास हुकूम जाहला, आणि त्याने बंदुकीच्या तोंडास बसेल ऐसे पितळेचे नळकांडे केले, आत कप्पे पाडिले आणि कप्प्यांच्या मधोमध छर्रा जाईल ऐसी भोके पाडिली. त्यास मुकी नळी म्हणो लागले. रायाजीने ती बसवोन पहिला बार केला. आवाज म्हणाल तर म्हातारीने फुंकर घातल्याइतका. परंतु छर्रा आतल्या भोकाच्या कडेस घासला आणि वाकडा जावोन मुदपाकखान्यातील लोणच्याची बरणी फोडता जाहला. दिवाणजी बोलिले, "नळी अपशकुनी आहे, ग्रहांची शांत करावी." रायाजी बोलिला, "दिवाणजी, भोक तिरके आहे. ग्रह बिचारे काय करतील?" मग काशीबाने भोके सरळ केली, तों छर्रा बोळक्याच्या चार बोटे खाली जावो लागला. दिवाणजी म्हणाले, "बघा! मी म्हटलेच होते." नळीचा भार तोंडाशी पडोन बंदूक किंचित लवत होती, म्हणोन रायाजीने नेम धरावयाची पुढली माशी कानशीने घासोन बुटकी केली, आणि छर्रा वर आला. मग जे जाहले ते पाहोन तो स्वतःच थक्क जाहला. पाच बार केले आणि पाचही छर्रे एकाच भोकातून गेले. पूर्वी छर्ऱ्यामागोमाग सुटणारा वारा त्यास तोंडाशीच ढुसण्या देई, तो आता कप्प्यांत अडकोन बसे आणि छर्रा आपल्या वाटेने निमूट जाई. जी वस्तू डोकेदुखीवर केली तिने नेमच सुधारिला. ऐसेही होते जगात.

परंतु रायाजीच्या तोंडचे पाणी पळाले. कां, तर श्रीमंतांची बंदूक मुकी आणि माळ्यावरची बोलकी, म्हणजे चौथऱ्यावर काही वाजत नाही आणि अंबारखाना मात्र वाजतो! मग डोंगर श्रीमंतांच्या बारास जबाब देतो म्हणावे, की स्वतःच बार काढितो म्हणावे? म्हणोन "एक नळी जोडीस असावी" ऐसे सांगोन दुसरी करविली, आणि माळ्यावरच्या बंदुकीचीही माशी घासोन नेम बसविला. तरी मुख्य अडचण राहिलीच. बार ऐकू येणार नाही, तर चाप ओढावा केव्हा? शेवटी श्रीमंत बोलिले, "आम्ही मोठ्याने खाकरू आणि लागलीच चाप ओढू. खाकरणे ऐकिलेस की तूही ओढ." ऐसे ठरले.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेस पलीकडील राज्याचे अधिपती कीर्ती ऐकोन मुद्दाम पाहुणे आले. ते हसोन बोलिले, "डोंगर जबाब देतो म्हणे. आज ऐकू तर खरे." हे ऐकोन श्रीमंतांची पाचावर धारण बसली. बोळके टांगिले. लोक दाटले. आऊसाहेब प्रथमच सज्जात येवोन बसल्या. माळ्यावर रायाजीने बंदूक खांद्यास लाविली, एक डोळा मिटिला आणि कान चौथऱ्याकडे लाविले. चौथऱ्यावर श्रीमंतांनी बंदूक उचलिली आणि खाकरो गेले, तों घशास कोरड पडलेली. हवा आली, आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेच. पाहुणे पाहत होते. तेव्हा श्रीमंतांनी मनात म्हटले की रायाजी आहे, तो काही ना काही करील, आणि चाप ओढिला. रायाजीने ना खाकरणे ऐकिले ना बार. तो आपला बोट चापावर ठेवोन वाट पाहतच होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बोळके फुटले आणि गुलाल उधळला.

रायाजीने बंदूक उघडोन पाहिली. छर्रा आतच होता. मग त्यास उमगले, आणि त्या धान्याच्या पोत्यांवर बसोन तो लहान पोरासारखा रडला आणि हसलाही. आवाज नव्हता म्हणोन डोळे मिटिले नाहीत, खांदा मागे गेला नाही; धनी स्वतः नेम मारून गेले! बाहेर पाहुणे "ऐशा नेमापुढे डोंगरही गप्प जाहला" म्हणोन गळ्यातील कंठा काढोन श्रीमंतांस घालीत होते, दरबार वाहवा करीत होता, आणि ती या वेळी खरोखर आपलीच आहे हे श्रीमंतांस मात्र ठाऊक नव्हते.

सांजेस पाहुणे गेले आणि श्रीमंतांनी रायाजीस बागेत एकटे बोलाविले. त्यांनी तो कंठा काढोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज लाज राखलीस बाबा. आमच्याने खाकरवले नाही, तरी तू कसे ताडलेस? आणि आमचा छर्रा कोठे गेला?"

रायाजी म्हणाला, "सरकार, बोळक्यात. मी चाप ओढलाच नाही. हा बघा, माझा छर्रा माझ्यापाशी आहे."

श्रीमंतांनी तो छर्रा पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. "रायाजी, पिशवीत छर्रे का थोडे असतात?"

"आईची आण, सरकार! तो बार तुमचा होता."

"दिवाणही आईचीच आण घेतो," श्रीमंत हळू बोलिले.

रायाजीस राहवेना. हातच्या काकणास आरसा कशास, म्हणोन त्याने धावत जावोन फांदीस नवे बोळके टांगिले आणि बंदूक धन्याच्या हाती दिली. "आत्ता मारा. मी इथेच उभा आहे, माळ्यावर कोणी नाही." श्रीमंतांनी बंदूक उचलिली. नळी मुकी, माशी बरोबर, बागेतील वारा पडलेला. परंतु माळ्यावर कोणी नाही हे आता ठाऊक होते, आणि नळी पारंबीगत हलो लागली. चाप ओढिला. छर्रा आंब्याच्या खोडात गेला.

श्रीमंत रागावले नाहीत. रागावते तर बरे होते. बंदूक खाली ठेवोन ते चौथऱ्यावर बसले आणि म्हणाले, "बारा वर्षे तू उकिरडा म्हणालास, विहीर म्हणालास, आम्हांस वाईट वाटले नाही. आज तू आम्हांस भाटाचे कवन ऐकविलेस. आता आमचे ऐसे कोण राहिले, सांग बरे?"

रायाजीच्या ओठांवर खरे आले होते. ते आणखी एकदा बोलावे तर धनी जन्मभर त्याचा एकही शब्द धरणार नाहीत, हे त्यास त्या मुद्रेवरोन कळले. मग त्याने पागोटे काढोन धन्याच्या पायांवर ठेविले आणि म्हणाला, "चुकलो, सरकार. पाहुण्यांनी एवढी वाहवा केली, म्हटले धन्यास गोड वाटेल. बोळके मीच फोडिले."

"आणि आमचा?"

"सज्जाच्या भिंतीत. आऊसाहेबांच्या हातभर खाली."

हे ऐकोन श्रीमंत पोट धरोन हसो लागले, आणि त्यास उठवोन पोटाशी धरिले आणि म्हणाले, "हां! आता खरे बोललास. पुन्हा ऐसे करू नकोस हो." रायाजी म्हणाला, "नाही करणार." आणि डोळे पुसावयास त्याने तोंड फिरविले.

येणेप्रमाणे मुक्या नळीचे वर्तमान. नळीची भोके सरळ असावी, बसविल्यावर नेम पुन्हा लावावा, म्हणजे बंदूक पूर्वीहून नीट मारिते, हे सर्वांस मान्य जाहले. आऊसाहेबांची अर्धशिशी गेली. रायाजी पुढेही पौर्णिमेस माळ्यावर बसत असे आणि श्रीमंत खाकरत असत, आणि बोळके फुटल्यावर छर्रा कोठे गेला हे तो त्यांस सांगत असे. कित्येकदा त्याची बंदूक रिकामीच असे. लेखनसीमा.