निकमकाकांची बिनचूक गोधडी

निकमकाका भाजीबाजारात वांगी जाडी मोजायचा कॅलिपर लावून घेत. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, सवय सुटली नाही. भरल्या वांग्यांना सगळी वांगी एका मापाची हवीत, नाहीतर एक शिजतं आणि एक कच्चं राहतं, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाली वैतागायची. "काका, वांगं हाय ते, नटबोल्ट नाय!" काका शांतपणे एक वांगं बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट."

त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे मीही कायम तपासणीत. माझी रांगोळी डावीकडे सरकलेली. माझी कपड्यांची दोरी झोळ पडलेली. दिवाळीत चकल्या दिल्या, तर एकेक उचलून वेढे मोजले आणि म्हणाले, "ताई, चव आहे. माप नाही." एवढं म्हणून सात खाल्ल्या. डोकं नुसतं फिरायचं माझं. पण भांडणार कुणाशी? ते ओरडत नसत, चिडत नसत. नुसते "रिवर्क", म्हणजे पुन्हा करा, एवढं म्हणत आणि घरी जात.

ह्या माणसाबरोबर काकूंनी पस्तीस वर्षं कशी काढली, हा आमच्या गल्लीला पडलेला प्रश्न होता. काकू सिन्नरकडच्या, मोकळ्या स्वभावाच्या. अंदाजपंचे मीठ घालायच्या आणि अंदाजपंचे गोधड्या शिवायच्या. गल्लीतलं एक लेकरू त्यांच्या गोधडीशिवाय वाढलं नसेल. माझी दोन्ही वाढली.

त्या दिवाळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

त्यांची लेक सुजाता देवळ्याला दिलेली. कांद्याची शेती, भरलं घर. पहिलटकरीण होती. निकमांकडे फोन नव्हता, म्हणून तिचा फोन आमच्याकडे यायचा आणि मी भिंतीवर थापा मारून काकूंना बोलवायची. एका दुपारी काका काकूंना धरून घेऊन आले. सुजाता पलीकडून काय बोलतेय ते मला शेजारी उभं राहूनही ऐकू येत होतं. सासूबाई म्हणतात, आईचंच कुणीतरी करायला पाहिजे, ती तुझं बाळंतपण कसं करणार? इथेच राहा.

काकूंनी रिसीव्हर ठेवला आणि रडायलाच लागल्या. "पहिलं बाळंतपण हाय. लेक म्हायेरी यायची नाय. गावच्या पोरान्ला गोधड्या शिवल्या, अन् माझ्याच लेकीच्या लेकराला माझ्या हातची नाय व्हायची. काय उपयोग आता माझा?"

काकांनी तिरका पडलेला रिसीव्हर सरळ केला. मग म्हणाले, "सुजाता इथेच येईल. मी जाऊन बोलतो तिच्या सासूशी. गोधडी पण होईल. तू सांगायचं, मी करायचं."

देवळ्याला जाऊन ते खरंच बोलून आले. सासूने काय ऐकून घेतलं असेल देव जाणे, पण होकार आला. आठवा लागला की सुजाता येणार. आणि काका कामाला लागले.

आता गोधडी म्हणजे काय? खाली-वर काकूंची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी, मध्ये काकांची धोतरं. सगळं पसरायचं, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके टाकून घ्यायचे. मग बारीक टाक्यांच्या ओळी घालायच्या आणि शेवटी कच्चा दोरा ओढून काढायचा. काकूंचे कच्चे टाके चहा उकळेपर्यंत व्हायचे. काकांना अठरा दिवस लागले.

पहिल्यांदा टाके एक सुतभर तिरके निघाले. उसवले. दुसऱ्यांदा अंतर चुकलं. उसवलं. स्टीलची पट्टी, खडू, काटकोन बघायचा गुण्या, सगळं बाहेर आलं. काकू खाटेवरून म्हणायच्या, "अहो, जुनं कापड हाय ते. जिकडं ताण, तिकडं जातं. जाऊ द्या की!" काका म्हणायचे, "जाऊ द्या म्हटलं की माल परत येतो."

तिसऱ्यांदा फरशीवरच संशय आला. पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली. मग आमच्या हॉलमध्येही ठेवली. आमची फरशी पास झाली नाही, पण माझी जाड सतरंजी झाली. ती घेऊन गेले.

चार दिवसांनी हाक आली, "ताई, या. बघा." गोधडी खोलीभर पसरली होती. टाके खरोखर आखल्यासारखे. काकांनी हात मागे बांधले होते. मीही मनापासून वा वा केलं आणि गोधडी उचलायला गेले, तर गोधडीबरोबर सतरंजीही वर आली. सगळीच्या सगळी. एक टाका चुकला नव्हता.

"काका! माझी सतरंजी!"

काका खाली वाकून बघत राहिले. आणि खाटेवर काकू हसायला लागल्या. आधी नुसता खांदा हलला, मग डोळ्यांतून पाणी. "अगं बाई, ह्यांनी सतरंजीच शिवली गं! बाळासकट उचलणार कोन ती?" चार महिन्यांत काकू हसल्या नव्हत्या. तोंड एका बाजूने वाकडं होत होतं आणि त्या हसतच होत्या. काका गोधडी विसरून त्यांच्याकडे बघत होते.

सतरंजी मी माझ्या कात्रीने सोडवली. कच्चे टाके सगळेच तुटले, ते मीच अंदाजपंचे पुन्हा घातले. मी रिवर्कची वाट पाहत होते. काकांनी सुईत दोरा ओवला आणि ती काकूंच्या डाव्या हातात दिली. "मला जमत नाही हे. तू घाल."

काकूंनी बारीक टाक्यांची पहिली ओळ घातली. एक टाका तांदळाएवढा, तर पुढचा चिंचोक्याएवढा. ओळ उताराला लागल्यासारखी खाली गेली. मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. ते पाणी प्यायला आत गेले.

काकूंच्या दिवसाला दोन ओळी व्हायच्या, मग हात दुखायचा. सुजाता यायला तीनच आठवडे राहिले होते. ह्या हिशोबाने गोधडी बाळाच्या शाळेच्या वेळेला झाली असती. पण ती वाढत होती, भराभर वाढत होती.

एका दुपारी मी ताक द्यायला गेले. काकू झोपल्या होत्या. काका उंबऱ्याशी उजेडात बसून गोधडी शिवत होते, डाव्या हाताने. सुई बोटात घुसत होती, जीभ दातात धरलेली. मला बघून ओशाळले.

"उजव्याने सरळ येतात हो," ते हळूच म्हणाले. "तिला लगेच कळेल."

मी ताक ठेवलं आणि घरी येऊन रडले. उगाच सांगत नाही, चांगली रडले.

सुजाता आली. गोधडी पांघरून बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "आई, एका हाताने एवढी सगळी तू शिवलीस?"

"मग काय!" काकाच बोलले. "मी फक्त दोरा ओवून देत होतो." आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

सुजाता आत हातपाय धुवायला गेली तशी काकूंनी मला जवळ बोलावलं. गोधडीच्या मधल्या ओळींवर डावा हात ठेवला.

"हे बघ. माझे टाके वाकडे हायेत ते कसेबी हायेत. अन् ह्यांचे बघ, समदे एकसारखे वाकडे." त्या गालात हसल्या. मग डोळे पुसले. "मला कळलंय म्हून त्यांना सांगू नको हां. लय मेहनत घेतली त्यांनी."