आहेराचं कुंपण

माणिकबाईंच्या शेतात रोही शिरला तर त्या मिशा ठेवतील, असं त्यांनी तेल्हाऱ्याच्या बाजारात, भर भाजीच्या ओळीत सांगून टाकलं होतं. रोही म्हणजे नीलगाय. अंगाने घोड्याएवढी, पोटाने बैलगाडीएवढी. एका फेरीत अर्धा एकर तूर साफ करते आणि मान उडवत निघून जाते, जणू आहेर न करता जेवून निघालेला पाहुणा.

आता एवढं बोलायला कारणही होतं. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या साली माणिकबाईंनी जाहीर केलं, की आपल्या दोन एकरांत यापुढे कपाशी नाही, झाडं. पाऊस महिना महिना दडी मारून बसतो, उन्हाळ्यात मातीवर भाकर भाजावी, आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. म्हणून शेवगा, सीताफळ, आवळा, बांधावर कडुनिंब. मधल्या पट्ट्यांत तूर, अंबाडी, वाल, भेंडी. एक बुडालं तर दुसरं ताटात येईल. झाडं लावायला सांगणारा एक संस्थेचा माणूस हेच समजावायला फळा घेऊन आला होता. माणिकबाईंनी त्याला चहा पाजून मध्येच थांबवलं. जे पायाखालच्या मातीने सांगितलं, ते चौथीत शाळा सोडलेल्या बाईने फळ्यावर काय वाचायचं? यजमानांचं, म्हणजे शालिकरामांचं, मत कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी दिलंही नाही. चाळीस वर्षांचा संसार याच पायावर उभा होता.

रोपांना कुंपण केलं ते साड्यांचं. वऱ्हाडात हे सगळेच करतात. गावभरच्या विटक्या साड्या गोळा करायच्या, बांबूला बांधायच्या. वाऱ्याने फडफडल्या की जनावर बिचकतं. पण चार महिन्यांत रोही सरावले. एक रोही तर गावातल्या पार्बताबाईने दिलेल्या चॉकलेटी साडीला निवांत पाठ घासताना माणिकबाईंनी डोळ्यांनी पाहिला. जुनं कापड मऊ पडतं, फडफडत नाही. पाहिजे कोरं, खळीचं, झळझळीत.

आणि तसं कापड त्यांच्याकडे ट्रंकभर होतं. आहेराचं.

आहेराची साडी नेसायची नसते, पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची असते. कोणाची कोणाला जाऊ नये म्हणून घडीत नावाची चिठ्ठी ठेवतात. या चिठ्ठ्या मुलगी हर्षा लिहायची. ती लग्न होऊन अमरावतीला राजापेठेत गेली आणि चिठ्ठ्या लिहिणारं माणूस गेलं. माणिकबाईंना त्याचं काही वाटलं नाही. वीस वर्षांत कोणी काय दिलं ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी साड्या झटकल्या, चिठ्ठ्या अंगणभर उडाल्या आणि शालिकरामांनी त्या मुकाट्याने झाडून चुलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी शेत असं दिसत होतं, की रस्त्याने जाणाऱ्या एसटीतून लोक विचारत होते, लग्न कोणाकडे आहे?

त्यानंतर खरंच एकही रोही आत आला नाही. माणिकबाईंची मान दोन बोटं उंच झाली.

मग हर्षाचा फोन आला. तिच्या सासरची तीन एकर जमीन अंजनगाव सुर्जीला पडीक होती. प्लॉट पाडणारे लोक सासूच्या, गोदाबाईंच्या, घरी रोज चकरा मारत होते. हर्षा म्हणत होती, विकू नका, मी आईसारखी झाडं लावते. गोदाबाईंनी एकच सांगितलं होतं, की आधी तुझ्या आईचं शेत दाखव, मग बोलू. त्या रविवारी येत होत्या.

"आई, नीट ठेवजो सगळं," हर्षा म्हणाली. "सासूबाईले एक पान खाल्लेलं दिसलं तरी त्या विक्रीच्या कागदावर सही करून टाकतीन."

माणिकबाई म्हणाल्या, चिंता नोको करू. फोन ठेवला आणि मग त्यांना आठवलं. हर्षाच्या लग्नात विहीणबाईंनी मानाची साडी दिली होती. ती कुठे होती? कुंपणावर!

शेजारची गुलनार मशीनवर ब्लाऊज शिवत होती. हाक ऐकून ती धावत आली. दोघी बांधाने फिरल्या. साठ-सत्तर साड्या, वाऱ्यावर नाचणाऱ्या. गुलनारने विचारलं, काकू, तुमाले आठवते ना नक्की? माणिकबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुढच्या बांबूकडे वळली. त्यांनी नाल्याकडच्या बाजूची जांभळी, मोठ्या जरीची साडी सोडवली. हीच. इतकी भडक साडी त्या बाईशिवाय कोण घेणार?

आता साडी काढून घेतली, तिथेच थांबल्या असत्या तर माणिकबाई कसल्या! त्यांच्या मनात आलं, नुसती लपवायची कशाला, नेसूनच समोर जावं. विहिणीला वाटलं पाहिजे, किती जपली! अडचण एवढीच होती, की उन्हाने साडी एका अंगाने गुलाबी पडली होती आणि काट्याने तिला दोन भोकं पाडली होती. गुलनारने निऱ्या अशा घातल्या की गुलाबी भाग आत गेला, आणि भोकांवर पदराची घडी आली. "काकू, फक्त फिरू नोका जास्त," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा वेगळंच काहीतरी होतं, पण माणिकबाईंना ते पाहायला वेळ नव्हता. नाल्याकडे साडीएवढी वाट उघडी राहिली आहे, हे पाहायलाही नव्हता.

गोदाबाई आल्या. ठेंगण्या, तुकतुकीत, कमी बोलणाऱ्या. पण डोळे असे, की पोतं न उघडता आतली डाळ जुनी की नवी ते सांगतील. त्यांनी शेवग्याची शेंग मोडून पाहिली, अंबाडीचं पान चावलं, आवळ्याखालची माती हातात घेऊन दाबली. माती ओली होती. हर्षाने आईकडे पाहिलं. काम होत आलं होतं.

माणिकबाईंना मात्र मातीपेक्षा साडीचं पडलं होतं. त्यांनी तीनदा पदर सारखा केला. शेवटी न राहवून म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या पसंतीले तोड नाई."

"कोनत्या पसंतीले?" गोदाबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत नाल्याकडून तीन रोही आले. धावत नाही, चालत. दार उघडं दिसलं म्हणून यावं तसे. पहिल्याने शेवग्याचे शेंडे खुडायला सुरुवात केली, एका ओळीने, जसं काही त्याला मोजून द्यायचे होते. माणिकबाई ओरडत धावल्या, निऱ्या सुटल्या, आतला गुलाबी भाग बाहेर आला आणि साडी निम्मी जांभळी, निम्मी गुलाबी अशी शेतभर फिरली. मोठा रोही बिथरला. तो नवीन लावलेल्या सीताफळांवर जाणार, तेवढ्यात त्याच्या तोंडासमोर पूर्वेच्या कुंपणावरची पोपटी साडी वाऱ्याने फाडकन उभी राहिली. रोही थबकला, वळला, आणि तिघेही आल्या वाटेने गेले. मागे अकरा शेवगे बोडके झाले.

गोदाबाई सरळ त्या पोपटी साडीकडे गेल्या. काठ उलटा करून पाहिला.

"हे त माह्यं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी आहेराच्या काठाले लाल दोऱ्याचा टाका मारतो. फिरून आपल्याच घरी आलं त समजावं म्हणून."

शालिकराम विहिरीत काहीतरी पडल्यासारखे वाकून बघू लागले. हर्षाच्या डोळ्यांसमोर तीन एकरांत चुन्याने आखलेले प्लॉट उभे राहिले. आणि माणिकबाई सुटलेल्या निऱ्या कशाबशा खोचू लागल्या.

गोदाबाईंनी साडी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. मग विचारलं, "एका एकराले किती लागतात?"

"तीस-पस्तीस," माणिकबाई पुटपुटल्या.

"मंग जमीन नाई विकत आपन. हर्षे, लाव तुही झाडं. कापडाची सुरुवात घरातूनच होते. तुह्या मायनं लग्नात देल्या त्या अकरा साड्यांची मी घडीसुद्धा नाई मोडली."

हर्षाने आईला मिठी मारली. माणिकबाईंना हसावं की नाही ते कळेना. त्या अकरा साड्या त्यांनी अकोल्यात दोन दिवस दुकानं पालथी घालून, दुकानदाराला रडवून निवडल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी अंगावरची साडी सोडली आणि गुलनारकडे फेकली. मग ही जांभळी बला कोणाची, असं विचारलं. गुलनारने साडीची घडी घातली. "माही हाय, काकू. हर्षाच्या लग्नात मीच देल्ली होती. म्या म्हनलं, कुंपनावर लावलीच हाय, त आता सांगून काय करू." आणि पुढे म्हणाली, "तुमाले शोभली पन." माणिकबाईंनी तिला चहा केला. साखर नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त पडली.

पुढच्या पावसाळ्यात त्या अंजनगावला मुलीचं शेत पाहायला गेल्या. रोपं गुडघ्याएवढी झाली होती, मध्ये तूर आणि वाल दाटला होता, आणि चहूबाजूंनी साड्या उडत होत्या, त्यांत त्यांच्या निवडीच्याही. रंग पक्के होते, हे त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. मग सवयीने साड्या मोजल्या. त्यांच्या दहाच भरल्या.

अकरावी गोदाबाई नेसून समोरून येत होत्या. केशरी, बारीक काठाची. पदर छातीशी घट्ट धरलेला, चालणं जपून, आणि एका निरीच्या आतून पिवळट पडलेलं कापड डोकावत होतं.

"ईनबाई, तुमच्या पसंतीले तोड नाई," त्या म्हणाल्या.

माणिकबाईंनी कुंपणावरून नजर फिरवली. आंब्याच्या कलमांकडे साडीएवढी वाट उघडी होती. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि हातात काठी घेतली.

"बोलू मंग," त्या म्हणाल्या. "आधी तिकडं चाला."