जोडांचं तेल

आमच्या शेजारचे लिंबाजी मुकादम वीज जिभेने मोजत. थट्टा नाही. ओसरीत पालथे पडायचे, खेळण्यातल्या आगगाडीच्या दोन्ही रुळांवर एकदम जीभ टेकवायचे आणि निकाल द्यायचे, "हितं आंबट हाय." हातभर पुढे सरकून पुन्हा तेच. "हितं कमी आंबट." माजघराच्या उंबऱ्याशी पोचले की तोंड वाकडं करायचे. "हितं सपक!"

सपक म्हणजे गाडी तिथे मरायची.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मुकादमांनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये काढली. हिंगोली ते कनेरगाव नाका हे रूळ त्यांच्या जिवावर. एका साहेबाने बदलीवर जाताना विजेवर चालणारी गाडी त्यांना देऊन टाकली. एक इंजीन, दोन उघड्या वाघिणी, पेटीभर रूळ आणि घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारा एक लोखंडी डबा. मुकादमांनी ओसरीतून माजघरापर्यंत लाईन टाकली. त्यासाठी माजघराच्या उंबऱ्याला स्वतः करवतीने खाच पाडली. मी म्हटलं, म्हातारा गेला कामातून.

माजघरात बाजेवर धुरपताबाई, त्यांची बायको. वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं होतं. वाचा गेली, एक हात तेवढा हलायचा. मुकादमांना वाघिणीतून गुळाचा खडा त्या बाजेपर्यंत पोचवायचा होता.

"हातानं द्या की," मी म्हणालो.

"मास्तर, बत्तीस साल इनं माझी भाकर रुळावर आणली. उन्हातान्हात, चार-चार मैल. आता रुळानं हिच्याकडं जावं. बराबर का न्हाई?"

मी पडलो शाळेतला विज्ञानाचा मास्तर. मी शाळेतून व्होल्टमीटर आणला. डब्यापाशी बारा, उंबऱ्याशी जेमतेम चार. मुकादमांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमचा काटा शाळेचा. जीभ घरची हाय."

तीन रविवार गेले. मी तारा बदलल्या, डबा उघडून बघितला, वीज मंडळाला शिव्या घातल्या. गाडी उंबऱ्याशी कण्हायची आणि थांबायची. आतून धुरपताबाई नुसत्या बघायच्या. त्यांची नजर मला सहन होईना आणि राग मात्र मुकादमांवर निघायचा. शेवटी चिडून मीच पालथा पडलो आणि दोन रूळ जिथे एकमेकांना जोडलेले असतात तिथे जीभ लावली.

तोंडात काळं, जळकं तेल!

"मुकादम, हे काय?"

"तेल. दर शनवारी देतो. उन्हात रूळ वाढतो, जोडाला तेल न्हाई तर सरकत न्हाई, वाकून राहतो. काहून, तुमाला म्हाईत न्हाई?"

"माजघरात ऊन येतं?" मी ओरडलो. "इथे वीज जोडातूनच पुढे जाते. हे तेल तिला अडवतंय!"

मुकादम जागच्या जागी बसले. "बत्तीस साल एक अपघात न्हाई माझ्या लाईनवर," एवढंच म्हणाले. मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

रॉकेलचं फडकं घेऊन आम्ही एकेक जोड पुसला. प्रत्येक जोडाला ते "माफ कर बाबा" म्हणत होते. मग गूळ ठेवला आणि बटण फिरवलं. गाडी उंबरा ओलांडून थेट बाजेच्या खुराशी गेली. धुरपताबाईंचा हात खाली आला, चाचपडला, गूळ सापडला. अर्धा त्यांनी खाल्ला. अर्धा परत वाघिणीत ठेवला.

मुकादमांनी गाडी उलटी घेतली आणि तो अर्धा खडा माझ्याकडे पाठ करून खाल्ला. ते रडत होते. मीही उगाच तारा तपासत बसलो.

नंतर हे रोजचंच झालं. रोज अर्धा खडा परत यायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर धुरपताबाई गेल्या. महिन्याभराने मी सहज डोकावलो. माजघरातली बाज काढली होती. लाईन मात्र तशीच. मुकादमांनी वाघिणीत गूळ ठेवला, बटण फिरवलं. गाडी उंबऱ्यापाशी कण्हली आणि थांबली.

"व्होल्टेज कमी हाय, मास्तर."

सवयीने मी जोडाला बोट लावलं. बोट काळं झालं. पुढच्यालाही तेल, त्याच्या पुढच्यालाही. माझ्या जाड डोक्यात उशिरा उजेड पडला. गाडी त्या रिकाम्या जागेपर्यंत पोचू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मी बोट धोतराला पुसलं. "हो ना," मी म्हणालो, "आज साऱ्या गावातच वीज कमी आहे."

"व्हय," मुकादम म्हणाले आणि त्यांनी गाडी हाताने मागे ओढून घेतली. वाघिणीत गुळाचा खडा अख्खा होता.