साळवेकाका ऐकून येतात

रविवारी दुपारी आमच्या मजल्यावर कुणाचीही बेल वाजली, की आतली माणसं आधी एकमेकांकडे बघतात. "काय ऐकून आले असतील आज?"

कोपर स्टेशनाजवळ आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये शमुवेल साळवे राहतात. मूळचे नगरकडचे. उभा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, तिथल्या खडखडाटात कान गेले, आता डाव्या कानात मशीन असतं. चर्चमध्ये पाळकसाहेब जे वचन सांगतील ते काका त्याच दिवशी करून मोकळे होतात. आपण कीर्तनात माना डोलावतो, प्रसाद खातो आणि घरी येऊन जावेशी भांडतो. काकांचं तसं नाही. "अलका, नुसतं ऐकू आलं की ऐकलंस?" हा त्यांचा कायमचा सवाल. "ऐकू काय, कुत्र्यालाही येतं. पोरगं आईचं ऐकतं ना, ते ऐकणं. घर त्याच्यावर उभं राहतं. बाकी सगळी वाळू."

एकदा क्षमेवर उपदेश झाला. काका चर्चमधून थेट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. "मी तुम्हाला क्षमा केली."

"कशाबद्दल?" सेक्रेटरी चहाचा कप हातात धरून उभा.

काकांनी गच्चीच्या गळतीपासून सगळं सविस्तर सांगितलं. सेक्रेटरी असा उखडला की विचारू नका. शेवटी काकांना त्याला तिथल्या तिथे नव्यानं क्षमा करावी लागली.

मग ते पावाचं प्रकरण. एका रविवारी काका बेकरीची भलीमोठी पिशवी घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घरी चार पाव. "वचन आहे," म्हणाले. आम्ही पडत्या फळाची आज्ञा मानून मिसळ केली. नंतर कळलं, पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, पाहुणचार करा. मशीनची बॅटरी उतरलेली, त्यामुळे काकांना ऐकू आलं, पाव चार! मी सांगितल्यावर ते जरा वरमले. मग म्हणाले, "बरं, मग आता जेवायलाच या सगळे." आणि खरंच अख्ख्या मजल्याला जेवायला घातलं. त्या मटणाचं आमचे हे अजून नाव काढतात.

पण नाताळात त्यांच्याकडे गेलं की हसू विरतं. रूथकाकू गेल्यापासून करंज्या ते स्वतःच करतात, कडा जाड आणि सारण कमी. सगळ्यांची ताटं वाटून झाली तरी एक डबा फडताळावर राहतो. कुणाचा विचारलं तर म्हणतात, "आंबिवलीचा." आंबिवलीला त्यांची एकुलती एक मुलगी एस्तेर राहते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, मुलगा चर्चमधला नव्हता. काका म्हणाले, "माझं ऐकलं नाहीस," आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बाप इकडे आणि लेक तिकडे. अहो, आंबिवली म्हणजे काय विलायत आहे? कल्याणच्या पुढचं दुसरं स्टेशन! पण डबा काही जात नाही. करंज्या खवट व्हायला लागल्या, की काका एकटेच बसून त्या संपवतात.

गेल्या महिन्यात त्यांचा पाय मुरगळला, म्हणून मी त्यांना कल्याणला चर्चमध्ये घेऊन गेले. मी पडले गणपतीवाली, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. पाळकसाहेब सांगत होते, देवाला काही अर्पण करायला आलास आणि आठवलं, की आपल्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल अढी आहे... तेवढ्यात काकांनी कानातलं मशीन काढलं आणि खिशात टाकलं. पाळकसाहेब पुढे म्हणाले, तर ते तिथंच ठेव, आधी जा, समेट कर आणि मग ये. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. डोळे भरलेले.

परतताना रिक्षात मला राहवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काका, मशीन का काढलंत?"

"ऐकलं की करावं लागतं गं. ऐकलंच नाही, तर देव तरी काय बोलणार?"

"वा! नेमकं तेव्हाच काढलंत, म्हणजे ऐकलंतच की!"

रिक्षावाल्यानंसुद्धा मागे वळून बघितलं. काका पत्रीपुलापर्यंत खिशातलं मशीन चाचपत राहिले. मग म्हणाले, "ती दार उघडणार नाही, अलका."

सेक्रेटरीला न घाबरणारा माणूस, आणि लेकीच्या दाराची केवढी भीती! "नाही उघडलं तर परत येऊ," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

काकांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, आंबिवलीला घे."

"उलटं पडतं काका. तिकडून रिटर्न भाडं भेटत नाय."

"चल रे बाबा," मी म्हटलं, "पुण्य लागेल."

आंबिवलीत मी पत्ता विचारायला तोंड उघडणार, तर काका म्हणाले, "गिरणीच्या पुढे उजवीकडे."

"तुम्ही आला होतात आधी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"खालपर्यंत," ते म्हणाले. "बरेचदा. वर दिवा दिसला की परत जायचो."

एस्तेरच्या दारासमोर उभे राहिलो, पण काका बेल वाजवेनात. "थांब, मशीन लावू दे. लहानपणापासून फार हळू बोलते ती." मशीन काही कानात बसेना. शेवटी मीच बसवलं आणि बेल दाबली.

दार उघडलं. एस्तेरच होती. मग तिला बापाचे कान आठवले असावेत. सगळा मजला बाहेर येईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली, "अप्पा! आत या ना!"

"ओरडू नकोस गं बाळा," काका म्हणाले. "तुझ्या आवाजात बोल."

तिनं मशीनच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "अप्पा."