एकेचाळीस खेळाडूंची गळती

उजेड आधी विहिरीच्या काठाशी येतो. ‘येतो’ म्हणणेही घाईचे ठरेल. काठाशी साचलेला अंधार किंचित विरळ होतो, इतकेच. मग दगडांना एकेक करून कडा फुटतात. रहाटाच्या लाकडावर रात्रीचा ओलावा आहे. त्यावर एक फिकट रेघ उमटते आणि थबकते, पुढे जाण्यासाठी कुणाची तरी परवानगी हवी असल्यासारखी. पलीकडे केळी उभ्या आहेत. उजेड त्यांच्या पानांच्या पाठीमागून, हिरव्यातून गाळून येतो, आणि वाऱ्याने पान जिथे फाटले असेल तिथून जमिनीवर दोऱ्यासारखा सांडतो. मोगऱ्याच्या वाफ्यांत अजून करडेपणाच आहे. पानवेलींच्या मांडवाखाली तर रात्र पाय पोटाशी घेऊन निजली आहे आणि तिला कोणी उठवत नाही. एक कावळा ओरडतो. नारळीच्या शेंड्यांना पहिला पिवळेपणा लागतो आणि झावळीच्या टोकाकडून देठाकडे सरकू लागतो, इतका सावकाश की सरकताना तो दिसत नाही, सरकून गेल्यावरच कळतो. मग विहिरीतल्या पाण्याला आभाळ आठवू लागते...

“खून कधी होतो?” हरिश्चंद्रमामांनी डोळे न उघडता विचारले.

“अजून उजाडतंय, मामा,” स्वरूप हळूच म्हणाला.

उजाडत होते ते संगणकाच्या पडद्यावर. पडद्याबाहेर, एव्हरशाईन सिटीतल्या मामांच्या दोन खोल्यांच्या घरात, शुक्रवारची दुपार होती, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या.

“उजाडू दे,” मामा म्हणाले आणि आसन सावरून बसले. “तोवर तू कुणासमोर बसला आहेस ते समजून घे. वसई ते विरार या पट्ट्यात तीन जातीची माणसं राहतात. ज्यांना पाणी येतं, ज्यांना पाणी येत नाही, आणि ज्याला ते कुठे जातं हे कळतं. तिसऱ्या जातीत मी एकटा आहे.”

हे सर्वस्वी खोटे नव्हते. हरिश्चंद्र राऊत यांनी पाणीखात्यात बत्तीस वर्षे गळती शोधली होती. जमिनीत सळई रोवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि खालून फुटलेल्या नळाची कुजबुज ऐकायची, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर सळई तीच राहिली, गूढे बदलली. दारावर पाटी आली : ‘हरिश्चंद्र राऊत, अन्वेषक. गळती, गहाळ व गूढ. भेटण्याची वेळ चार ते सहा (पाणी आल्यास वेळ रद्द).’ त्यांचे सर्वांत गाजलेले प्रकरण फुलपाड्याच्या हरवलेल्या घागरीचे. तीन आठवड्यांच्या तपासात त्यांनी सात जणांवर संशय घेतला होता. घागर मोठ्या घागरीच्या आत सापडली. ती तिथे लपवण्यामागचे डोके कुणाचे, याचा शोध मामांच्या मते अजून चालू होता.

“आता फिर्याद सांग,” मामा म्हणाले.

स्वरूपने फिर्याद सांगितली. त्याला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाई, आणि लिहिण्यापेक्षा गप्प बसणे; म्हणून त्याने तिसरा मार्ग काढला होता, व्हिडिओ गेम बनवण्याचा. खेळाचे नाव ‘पाट’. त्यात मामांची जुनी वाडी होती, जिच्या जागी आता एका इमारतीचे पार्किंग आहे. खेळाडूने विहिरीचे पाणी पाटात सोडायचे, मातीचे बांध पायाने फोडत आणि घालत ते वाफ्यावाफ्यांत वळवायचे, आणि पाणी संपण्याआधी सगळी वाडी भिजवायची. नोकरी सोडून हे करण्यासाठी स्वरूपच्या वडिलांनी, सुधाकररावांनी, त्याला एक वर्ष दिले होते. ते सोमवारी संपत होते. मंगळवारपासून कचेरीतली जुनी खुर्ची त्याची वाट पाहणार होती. ती कुरकुरत असे, आणि स्वरूपला तो आवाज हल्ली स्वप्नातही येई. सोमवारीच हेमाली शहा नावाची बाई, जी गेम तयार करणारी एक छोटी कंपनी चालवते, आचोळ्याला माहेरी येणार होती. खेळ बघायला तिने वेळ दिला होता. दहा मिनिटे.

“आणि अडचण?”

“मी एकेचाळीस जणांना खेळ दिला. कोण कधी बाहेर पडतं याची नोंद आपोआप होते.” स्वरूपने वही पुढे केली. “एकेचाळीसच्या एकेचाळीस जण पाचव्या मिनिटाच्या आत निघून गेले. पाण्यापर्यंत एकही पोचला नाही.”

मामांच्या चेहऱ्यावर जुने तेज आले. “गळती,” ते पुटपुटले. त्यांनी सळई आणली, तिचे एक टोक संगणकाच्या पेटीवर टेकवले, दुसऱ्याला कान लावला आणि बराच वेळ ऐकले.

“आत घरघर आहे.”

“तो आतला पंखा आहे, मामा.”

“पंखा म्हणूनच सांगतील,” मामा म्हणाले आणि वहीकडे वळले. त्यांचे बोट पानाच्या अगदी वरच्या ओळीवर थांबले. “हा शून्य क्रमांकाचा खेळाडू कोण? हा तीनशे बारा वेळा आत गेलाय. एकदाही गळला नाही. दर वेळी थेट पाण्यावर!”

“तो... तपासणीचा आहे,” स्वरूप म्हणाला आणि पंख्याकडे पाहू लागला. छताचा पंखा बंद होता.

शनिवारी सकाळी साक्षी झाल्या. पहिली साक्ष तळमजल्यावरच्या सलोनीची. ती कॉलेजात जाते आणि फोनवर दिवसाला चार गेम संपवते.

“स्वरूपदादा, खरं सांगू? मला वाटलं लोड होतंय.”

“काय होतंय?” मामांनी विचारले.

“लोड हो काका. म्हणजे सुरू व्हायचंय अजून. मी म्हटलं होऊ दे, अंघोळीला गेले, दोन तांबे ओतून आले, तरी लोडच होतंय. मग बंद केलं.”

मामांनी नोंद केली : ‘साक्षीदार क्र. १ स्वच्छ आहे.’

दुसरी साक्ष शेजारच्या क्लेटनची. त्याने स्वरूपच्या पाठीवर थाप मारली. “एकदम भारी बनवलंय रे! मी लॅपटॉपला लावून ठेवलंय.”

“काय लावलंयस?” स्वरूपने आशेने विचारले.

“वॉलपेपर. फोटो काढला आणि बंद केलं. वॉलपेपरच आहे ना?”

स्वरूपने वही मिटली. आपल्या आत काहीतरी अलगद मावळल्यासारखे त्याला वाटले. जे अजून पुरते उजाडले नव्हते तेही मावळू शकते, हे त्याला नवीन होते.

तिसरी साक्ष क्लेटनची आई ॲंजेला हिची. “बाबा, मी तर खुर्चीवर बसले, समोर तो सूर्य येतोय, येतोय. मी म्हटलं आता बसलेच आहे तर सकाळची प्रार्थना म्हणून घेते. घेतली. आमेन म्हटलं आणि बंद केलं. खूप बरं वाटलं हां.”

दुपारी जेवणानंतर मामांनी आपला पहिला सिद्धांत मांडला. “कावळा!”

“कावळा?”

“तुझ्या खेळात तिसऱ्या मिनिटाला कावळा ओरडतो. सकाळी दारात कावळा ओरडला की काय होतं?”

“पाहुणे येतात म्हणतात,” स्वरूपने मान्य केले.

“एकेचाळीस घरांत एकेचाळीस माणसं घर आवरायला उठली. सरळ आहे.”

“पण ॲंजेलाकाकू प्रार्थना म्हणत होत्या. आणि सलोनी अंघोळीला गेली.”

“पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस अंघोळ करणारच!”

स्वरूपने कावळा काढून टाकला आणि सलोनीकडून पुन्हा खेळून घेतले. ती दोन मिनिटांत उठली. मामांचा दुसरा सिद्धांत : पडद्याचे तोंड दक्षिणेकडे आहे. त्यांनी टेबल फिरवले; आता पडदा भिंतीकडे झाला आणि खेळ कुणालाच दिसेना. या अवस्थेत एकही खेळाडू गळला नाही, हे मामांनी लाल शाईने लिहून ठेवले. तिसरा सिद्धांत असा, की कुणी प्रतिस्पर्धी वाडीवाला लोकांना फितवतो आहे. प्रतिस्पर्धी वाडीवाले आता उरले कुठे, असे स्वरूपने विचारले. मामांनी लाल पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, “तेही खरंच.” आणि खिडकीतून, चादरींच्या पलीकडे, जिथे काहीच नव्हते तिथे पाहत राहिले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सर्व संशयितांना बाहेरच्या खोलीत जमवले. प्रेमलतामामींनी पोहे केले होते, त्यामुळे संशयित वेळेवर आले.

“गुन्हेगार याच खोलीत आहे,” मामांनी सुरुवात केली.

“लिंबू कुणाला हवंय?” मामींनी विचारले.

“एक इसम असा आहे, की जिथे एकेचाळीस जण गळले तिथून तो तीनशे बारा वेळा सहीसलामत गेला. शून्य क्रमांक! त्याला चोरवाट माहीत आहे, आणि त्याने ती इतरांपासून लपवली आहे. मी प्रात्यक्षिक करून दाखवतो. मला एक निष्पाप, अनभिज्ञ, संगणकाला कधी हात न लावलेली व्यक्ती हवी.”

सगळ्यांनी मामींकडे पाहिले. पदराला हात पुसत मामी खुर्चीवर बसल्या. उजेड विहिरीच्या काठाशी आला. दगडांना कडा फुटल्या.

“आपली विहीर!” मामी म्हणाल्या. “अगदी तश्शी. बरं, पाणी कधी सोडू?”

“आधी उजेड बघा ना, मामी.”

“बघितला. पाणी कधी सोडू?”

“अजून थोडं. आता बघा, केळीच्या पानातून...”

मामी उठल्या, आत गेल्या, चहाचे आधण ठेवले, डाळीला फोडणी दिली, पीठ मळायला घेतले, हात धुऊन परत आल्या.

“अजून उजाडतंच आहे?”

सलोनीने पोह्यांतला एक शेंगदाणा शोधून काढला.

“स्वरूप, किती वेळ उजाडतं रे हे?” मामींनी विचारले.

“अकरा मिनिटं.”

“आणि ती बाई तुला किती वेळ देणार आहे?”

“दहा,” स्वरूप म्हणाला. आणि ते दोन आकडे, जे इतके दिवस त्याच्या मनाच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते, पहिल्यांदाच एकमेकांसमोर आले.

“चला, म्हणजे तिला नुसताच उजेड,” ॲंजेला म्हणाली. “तिला प्रार्थना तरी येते का विचार.”

“एक मिनिट, एक मिनिट,” मामा म्हणाले. “माझं प्रात्यक्षिक अजून...”

“अहो, थांबा जरा. मला पाणी सोडायचंय,” मामी म्हणाल्या.

आणि स्वरूपचा हात सवयीने, त्याला न विचारता, पुढे गेला आणि त्याने एक कळ दाबली. उजेड एकदम पुरा झाला. विहीर उघडली.

“हे आधी का नाही दाबलंस?”

“ती कळ खेळाडूंसाठी नाही.”

“मग कुणासाठी आहे?”

स्वरूप पंख्याकडे पाहू लागला. या वेळी पंखा चालू होता, त्यामुळे निदान पाहण्यासारखे काहीतरी होते.

पण मामींना उत्तर नको होते. त्यांनी पहिला बांध फोडला होता. पाणी पाटातून निघाले, कोरड्या मातीत आधी चुळबुळले आणि मग खळखळत केळींत शिरले; माना टाकलेली पाने एकेक करून ताठ झाली. मामी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आले की केळींनी सगळे पाणी पिऊन टाकले आणि मोगरा तसाच कोरडा राहिला.

“मेल्या हावरट केळी! चूक माझीच, बांध वेळेवर घालायला हवा होता. परत लाव रे.”

“मामी, वाडी सुकली, खेळ संपला.”

“म्हणून तर परत लाव! मोगरा काय असाच टाकू?”

“डावीकडे आधी, प्रेमलता!” ॲंजेला खुर्ची ओढून पुढे आली. “पानवेलीला घोटभरच दे!”

“काकू, दोन बांध एकदम फोडून बघा,” सलोनी पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली. क्लेटनने फोन खिशात घातला. आत चहा उकळून आटला. मामांनी वहीत, थोड्या खिन्न अक्षरात, लिहिले : ‘खेळाडू क्र. ४२ पाऊण तासानंतरही जिवंत. तपासास सहकार्य करीत नाही.’

चौथ्या खेपेस मोगरा वाचला. मामींनी कमरेवर हात ठेवून पडद्याकडे पाहिले आणि मग स्वरूपकडे.

“चांगलं केलंयस रे. पण तो उजेड तू कुठून आणलास? मे महिन्यात वाडीवर यायचास तेव्हा नऊशिवाय उठायचा नाहीस.”

“कल्पनेने, मामी.”

“आम्ही कधी बघत बसलो नाही त्याला. पाणी वळवता वळवता कंबर दुखली की मान वर करायची, तेव्हा उजाडलेलं असायचं.” त्या उठल्या. “तसं नाही का करता येणार? मी पाणी सोडते, तू उजाडत राहा.”

रविवारभर स्वरूपने तेच केले. अकरा मिनिटांच्या उजेडाचे त्याने तुकडे केले नाहीत; खेळाच्या मागे, पूर्ण लांबीचा, तो अंथरून ठेवला. खेळ अंधारात सुरू होऊ लागला, पहिल्या क्षणी पायाखाली बांध येऊ लागला, आणि मोगरा भिजेपर्यंत नारळींचे शेंडे पिवळे होऊ लागले. कावळाही परत आला.

सोमवारी मामा रिक्षातून त्याच्याबरोबर आचोळ्याला आले. सळई रिक्षाबाहेर चार फूट आलेली होती. हेमालीने घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि खेळायला घेतले. सहाव्या मिनिटाला तिची केळी सगळे पाणी प्यायली. दहाव्या मिनिटाला तिच्या आईने जेवायला हाक मारली. “आलेच, एवढा मोगरा होऊ दे,” ती म्हणाली. तेविसाव्या मिनिटाला तिने मान वर केली आणि विचारले, “अरे, हे उजाडलं कधी?”

बुधवारी माझ्या कचेरीत ये, असे तिने सांगितले. स्वरूपने वडिलांना फोन लावला. सगळे ऐकून घेऊन सुधाकरराव म्हणाले, “खुर्ची काय, थांबेल अजून.”

इमारतीखाली मामा सळईला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर यशाचा मागमूस नव्हता.

“प्रकरण मिटलं असं तुम्ही म्हणता. पण तो शून्य क्रमांक, स्वरूप? तीनशे बारा वेळा! तो अजून मोकळा फिरतोय.”

“तो मी होतो, मामा.”

“शक्य नाही. तू तर फिर्यादी!”

“मीच.” समोर कुणाच्या तरी गॅलरीत तुळशीवर दुपारचे साधे ऊन पडले होते; स्वरूप त्याच्याकडे पाहत राहिला. “ती कळ मी माझ्यासाठी ठेवली होती. तो उजेड मी स्वतः एकदाही शेवटपर्यंत पाहिला नाही.”