आगाशेकाकांचं मिनेसोटा

आगाशेकाका नवीन माणसाला दुसऱ्याच वाक्यात जन्मसाल विचारतात. समोरच्याला वाटतं, पत्रिका बघत असतील. आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला आलो त्या दिवशी मी जिन्यातून खोकी वर चढवत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या या गृहस्थांनी मलाही विचारलं.

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

त्यांनी हातातली कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. "चौऱ्याऐंशी? त्या साली अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत एकोणपन्नास राज्यं एकीकडे गेली. मिनेसोटा एकटं राहिलं."

एवढं बोलून ते पिशवी उचलून निघून गेले. मी अमोलला, माझ्या नवऱ्याला, विचारलं की आपण घर बघायला आलो तेव्हा हे गृहस्थ कुठे होते. तो म्हणाला, "होते ना. मला म्हणाले, ऐंशीचे का? मग त्या साली जे हरले त्यांच्या बाजूला होतात तुम्ही."

काका मूळचे सांगलीचे. एका मोटार कंपनीत आयुष्यभर गिअरबॉक्सची डिझाइनं करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही. जर्मनीत मत देता येत नाही, कारण पासपोर्ट अजून भारताचा. स्वतः मत आयुष्यात एकदाच दिलं, सांगलीला, आणि तो उमेदवार पडला. मिनेसोटा मात्र अगदी सुरुवातीपासून तोंडपाठ. आधी कित्येक दशकं ते एका पक्षाचं कसं होतं, मग हळूहळू दुसऱ्याचं कसं झालं, आणि बहात्तरनंतर एकदाही कसं परत वळलं नाही, हे ते भाजी निवडल्यासारखं सावकाश सांगतात. सुरुवात नेहमी एकच, जर्मन 'तर मग' लावून: "आल्झो, मूळ मुद्दा असा." मूळ मुद्दा यायला पाऊण तास लागतो.

आमच्या घरमालकीण फ्राउ केलर बावन्न सालच्या. जिना झाडायची पाळी कुणाची हे ठरवायला त्या एकदा काकांकडे गेल्या, आणि बावन्नला मिनेसोटा विजेत्याबरोबर होतं हे ऐकून परत आल्या. पाळीचं राहूनच गेलं. मला म्हणाल्या, हेर आगाशे फार सभ्य आहेत, पण जरा श्पेत्सिएल, म्हणजे वेगळेच, आहेत. जर्मन माणूस कुणाला श्पेत्सिएल म्हणाला की त्याहून जास्त तो काही बोलत नाही, आणि बोलायची गरजही नसते.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना दहा मिनिटं दिली. विषय जाहीर झाला होता 'निवृत्तीनंतरचं आयुष्य'. काका उभे राहिले आणि मिनेसोटाच्या पहिल्या निवडणुकीपासून निघाले. एकोणीसशे बाराला, तिसऱ्याच पक्षाने ते राज्य जिंकलं त्या वळणावर, आरतीची निरांजनं विझायला आली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "काका, पुढचं पुढच्या वर्षी." काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर," आणि खाली बसले. पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. ते आले मात्र, शेवटच्या खुर्चीवर बसले, प्रसाद घेऊन गेले. मंडळातले लोक त्यांना टाळतात असं नाही. समोर आले की स्वतःचं जन्मसाल विसरल्यासारखं करतात एवढंच.

मला त्यांचं चौऱ्याऐंशीचं प्रकरण आवडायचं. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "उमेदवार त्यांच्याच राज्यातला. हरणार हे सगळ्या देशाला दिसत होतं. देशाच्या राजधानीचं शहर होतं त्याच्या बाजूला, पण ते राज्य नव्हे. राज्य एकच. तेही चार हजारांहून कमी मतांनी मिळालं. पण आपल्या माणसाला टाकलं नाही."

दोन हजार चोवीसच्या निवडणुकीआधी त्यांनी आम्हाला बोलावलं. "बुधवारी सकाळी या. निकाल आणि पोहे." अमोलला लेकीला शाळेत सोडून ऑफिस गाठायचं होतं. माझं काम त्या दिवशी घरूनच होतं, म्हणून मी सातच्या सुमाराला खाली गेले. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. टेबलावर चार बशा मांडल्या होत्या आणि यायचं कुणीच राहिलं नव्हतं.

टीव्हीवर सगळ्या देशाचे आकडे येत होते. काका तिकडे बघत नव्हते. मिनेसोटाचे आकडेही बघत नव्हते. लॅपटॉपवर त्यांनी एका लहानशा गावाचं एकच मतदान केंद्र उघडलं होतं आणि ते पान पुन्हा पुन्हा ताजं करत होते.

"हे काय बघताय काका?"

"इथे शिरीष मत देतो."

"शिरीष कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

इतक्या वर्षांत त्यांना भाऊ आहे हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

शिरीष शिकायला म्हणून मिनेसोटाला गेला आणि तिथलाच झाला. दर रविवारी दोघे बोलायचे. नागरिक झाल्यावर त्याने पहिलं मत दिलं, तेव्हा घरी येऊन आधी दादाला फोन केला आणि राज्याचा सगळा इतिहास ऐकवला. "आल्झो, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. "त्याच्याशी बोलता यावं म्हणून वाचायला लागलो."

"आता बोलत नाही तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आईच्या शेवटच्या आजारात मी सांगलीला होतो. तो रोज विचारायचा, दादा, येऊ का. त्याची नोकरी नवीन होती. मी म्हणायचो, घाई करू नकोस, सुधारते आहे. मला खरंच तसं वाटत होतं. तो पोचला तो तेराव्याला."

"भांडला?"

"भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, माझ्या वाटचंही तूच ठरवलंस. आणि गेला. नंतर मी फोन केला तेव्हा म्हणाला, सध्या नको करूस. त्या 'सध्या'ला बरीच वर्षं झाली."

तेवढ्यात पानावर आकडे आले. काकांनी घाईने चष्मा लावला. दोन्ही बाजूंचे मतदार मिळून एखाद्या लग्नाच्या पंगतीला जेवतील इतकेच. ते त्या आकड्यांकडे बघत राहिले. "यात त्याचंही मत असणार," ते म्हणाले. "म्हणजे बरा असणार."

मी म्हटलं, "काका, तो जागाच असेल आत्ता. निवडणुकीची रात्र आहे तिथे. फोन करा."

"काय बोलू?"

"निकालाचं विचारा."

हे त्यांना पटलं. तेवढं बोलायला त्यांच्याकडे होतं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो?"

"शिरीष, मी बोलतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. "दादा? बरा आहेस ना तू?"

"बरा आहे. निकाल बघत होतो. तुला उठवलं का? बारा वाजले असतील तिथे."

"बारा कुठले. अकरा वाजलेत."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सात तासांचा फरक आहे."

"मिनेसोटाशी सात. मी आता ॲरिझोनात असतो, दादा. मागच्या निवडणुकीच्याही आधी आलो. निमिषला इकडे नोकरी लागली, लेकाजवळच राहतो."

काका फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "नंबर जुनाच लागला."

"नंबर नाही बदलला."

"का?"

"असू दे म्हटलं."

फोन चालू आहे ना, हे बघायला काका खाली वाकले. मग त्यांनी विचारलं, "रविवारी करू?"

"कर," शिरीष म्हणाला. "सकाळी नको. तुझ्या संध्याकाळी कर."

फोन ठेवल्यावर काका लॅपटॉपसमोर बसले. त्या लहानशा केंद्राचे आकडे अजून तसेच होते. "म्हणजे यात तो नव्हताच," ते म्हणाले. "मागच्या वेळीही नव्हता." आणि त्यांनी ते पान बंद केलं.

मग ते दोन बोटांनी काहीतरी टाइप करायला लागले. मला वाटलं, आता ॲरिझोनाची पहिल्या निवडणुकीपासून सुरुवात. मी खुर्ची नीट सरकवून बसले. पडद्यावर ॲरिझोनाचं हवामान आलं.

"त्याला ऊन बाधतं," काका म्हणाले. "शाळेतून येताना त्याचा घोळणा फुटायचा. मग आई कांदा फोडून हुंगायला द्यायची, आणि मी डोक्यावर ओला टॉवेल धरून उभा." त्यांनी पुढच्या आठवड्याचं तापमान बघितलं, मग त्याच्या पुढच्या. "घरापुढे सावली आहे की नाही कोण जाणे. रविवारी विचारतो."