बस की, एवढ्यात कुठे निघालास?

परदेशी विद्यार्थ्याचा सोबती होण्यात वकिलाचा फायदा एकच होता, पण तो चार भिंतींचा होता. वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. एकट्याची! दोन खिडक्या, स्वतःची कडी, आणि मुख्य म्हणजे आत दुसरा माणूस नाही. आजवर तो तिघांबरोबर राहिला होता. त्यातला एक घोरायचा, दुसरा पहाटे उठून जोर काढायचा आणि तिसरा या दोघांशी भांडायचा. आणि तोटा काय, तर महिनाभर एका परक्या मुलाला इकडेतिकडे हिंडवायचं, एकदा चहाला बोलवायचं. खोली ताब्यात मिळालीच होती. महिनाअखेर पाहुण्याने रेक्टरसाहेबांपाशी बरा शब्द टाकला की ती कायमची. नाही टाकला, तर गादी उचलून परत त्या तिघांत.

वकील हे टोपणनाव. शिकायचा तो भूगर्भशास्त्र, पण कुठल्याही बाजूने बोलू शकायचा म्हणून ते पडलं. "माणूस सांभाळायला अक्कल लागते, भाषा नाही," असं त्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

पाहुणा आला आणि हिशेबाला पहिली चीर गेली. दारातून आत यायला वाकावं लागेल एवढी उंची, पंजे वल्ह्यांसारखे, बोलणं औषधाच्या थेंबांइतकं. मुलांनी त्याचं नाव मनोरा ठेवलं. त्यात शेजारच्या खोलीतल्या कंपाउंडरने, म्हणजे औषधनिर्माण शिकणाऱ्या मित्राने, भर घातली. मनोऱ्याचा आधीचा सोबती म्हणे हात गळ्यात अडकवून फिरतोय, आणि काय झालं विचारलं तर नुसता हसतो.

"मार खाल्लेला माणूस असाच हसतो," कंपाउंडर म्हणाला. "तू आपला त्याला दुखवू नकोस, वकीलसाहेब."

शनिवारी दुपारी मनोरा पिशवीभर सफरचंदं घेऊन चहाला आला. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं, आणि तो शहाण्यासारखा उठला. वकिलाचा जीव भांड्यात पडला. इथे तो गप्प राहता तर ही गोष्टच घडली नसती. पण घरचं वळण! निघालेल्या माणसाला आपण जे म्हणतो, आणि त्याने जे मनावर घ्यायचं नसतं, तेच नेमकं तोंडातून गेलं.

"बस की. एवढ्यात कुठे निघालास?"

मनोऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा बसला.

मग दुसरा चहा आला. त्यानंतर तिसरा. 'अजून घेणार?' हा प्रश्न 'नको' म्हणण्यासाठी असतो, हे मनोऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो प्रत्येक वेळी कप पुढे करी. वकिलाने जांभया दिल्या, कप विसळले, पलंगावरची चादर झटकून घातली. एवढ्या खुणांवर वसुलीला आलेला माणूससुद्धा उठला असता. मनोरा हलला नाही. हलू लागला तो फक्त त्याचा गुडघा. पुढे चेहरा लाल झाला. मग त्याने खिशातून घडीची सुरी काढली आणि वकिलावरची नजर न काढता सफरचंद सोलायला घेतलं. साल तुटतच नव्हती. मनोऱ्याने पुढे केलेल्या सुरीच्या टोकावरून फोड उचलताना वकिलाला स्वतःचाच हात गळ्यात अडकवलेला दिसला.

त्याने घसा खाकरून विचारलं, "तुला घाई तर नाही ना?"

"आपण म्हणाल तसं," मनोरा दात आवळून म्हणाला.

वकील जरा मागे सरकला. "छे, छे, आरामात बस," तो म्हणाला, आणि आपल्या भीतीची मुदत त्याने आपल्याच हाताने वाढवून घेतली. भित्र्या माणसाचा व्यवहार असाच असतो. सुटण्यासाठी जे देतो, त्यातच अडकतो.

बाहेर अंधारून आलं. गुडघ्याच्या हादऱ्याने टेबलावरच्या बश्या वाजू लागल्या. एकाएकी मनोरा मुठी वळून ताडकन उभा राहिला. "मला आता..."

वकिलाने ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तू बस, मी आलोच," म्हणत तो बाहेर पडला, बाहेरून कडी घातली आणि अनवाणीच रेक्टरसाहेबांकडे धावला.

"साहेब, तो सुरी घेऊन बसलाय. माझ्या खोलीत. जातच नाहीये."

"मग तू त्याला जा म्हणालास का?"

एवढं एकच वकील म्हणाला नव्हता.

पुढे काठी घेतलेला पहारेकरी, मध्ये साहेब, मागे कंपाउंडर आणि त्याच्याही मागे वकील, अशी वरात वर गेली. कडी काढली. खोली रिकामी! खिडकी सताड उघडी, आणि बाहेरचा पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून सुटून लोंबत होता. वकिलाने डोळे मिटले. खोली तर गेलीच, आता माणूसही गेला आपल्या हातून.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कोपर खरचटलेला, केसांत चुना पडलेला मनोरा वर येत होता. चेहरा मात्र विलक्षण शांत. तो तळमजल्यावरच्या संडासातून येत होता. दुसऱ्या कपापासून त्याला जायचं होतं, पण त्यांच्याकडे यजमानाने एकदा थांबवलं की त्याने निरोप दिल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं. एकदा उठून पाहिलं, तर यजमानाने परत बसवलं. त्यात आधीचा सोबती त्याला सायकल शिकवताना पडून हात मोडून बसलेला. हाही दुरावला तर या परमुलखात आपलं कोण, या भीतीने तो कळ काढत होता. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून सफरचंदं सोलत होता.

साहेबांनी विचारलं, "यजमानाविषयी काही तक्रार?"

वकिलाने श्वास रोखला.

"तक्रार?" मनोऱ्याने वकिलाचे दोन्ही हात हातात घेतले. "आमच्याकडे फार मोठ्या मनाचा यजमान पाहुण्याला तीनदा थांबवतो. यांनी तर बाहेरून कडी घातली."

साहेबही हेलावले. असा जिव्हाळा वेगळा ठेवणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यातल्या खोलीत दुसरी खाट टाकायला लावली.

गादी खांद्यावर घेऊन मनोरा दारात थबकला. "आपल्याला त्रास तर नाही ना होणार?"

वकिलाने तोंड उघडलं. बोललं मात्र घरचं वळण. "छे रे, त्रास कसला? आपलीच खोली समज."

तर एकूण जमा अशी. मनोऱ्याला बिऱ्हाड मिळालं, कंपाउंडरला वर्षभर पुरेल अशी गोष्ट मिळाली, पाइपाचा भुर्दंड वसतिगृहाने सोसला. खोली वकिलाचीच राहिली, कायमची, फक्त तिच्यातला एकांत तेवढा गेला. आता तो संध्याकाळी वाचनालयात जायला चपला पायात सरकवतो, तेव्हा समोरच्या खाटेवरून सफरचंद सोलणारे हात थांबतात. मनोरा नव्याने शिकलेलं वाक्य मोठ्या मायेने म्हणतो.

"बसा की. एवढ्यात कुठे निघालात?"

वकील सुरीकडे बघतो, आणि बसतो.